ईडीपीतले जाणकार

संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या गप्पा रंगल्या की त्यात एक माणूस हमखास येतो. तो सीडी ठेवायच्या ट्रेला चहाचा कप ठेवायची सोय समजतो आणि ती मोडली म्हणून तक्रार करतो. त्याचा जोडीदार कीबोर्डवर 'एनी' नावाचं बटण शोधत बसतो. मी १९९८ साली हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात लागले. पुढची कितीतरी वर्षं लोकांच्या टेबलाखाली वाकून वायरी तपासल्या, फोनवर तक्रारी ऐकल्या, त्या रजिस्टरमध्ये लिहिल्या. हे दोघे मला कधीच भेटले नाहीत. ज्यांनी त्यांचे किस्से सांगितले, त्यांनाही ते भेटले नव्हते. त्यांच्या मावसभावाच्या ऑफिसात होते म्हणे.

मला भेटले ते वेगळे लोक. आमच्या स्टोअरमध्ये एक काका होते. संगणकाला बिचकून असायचे, दोन बोटांनी जपून टाइप करायचे, एंटर मारण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचे. त्यांच्या हातून कधी काही मोठं बिघडल्याचं मला आठवत नाही. मोठे घोळ व्हायचे ते आमच्याच विभागात, अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या जाणकारांच्या हातून. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. माणसं कामाला वाघ होती. रात्री दोनला बोलावलं तर स्कूटर काढून यायची. पण ज्याला काहीच कळत नाही तो हात मागे घेतो आणि ज्याला थोडं कळतं तो झाकण उघडतो, एवढा फरक होता.

विभागाला सगळे 'ईडीपी' म्हणायचे. पुढे पाटी बदलून 'आयटी' झाली, तरी शॉपमधून फोन यायचा तो "ईडीपी का?" असाच. चपला दाराबाहेर काढायच्या हा नियम. तो धुळीसाठी केलेला असणार, पण लोक तो इतक्या मनोभावे पाळायचे की एक-दोन जण आत येताना उंबऱ्याला हातही लावायचे. आत नोव्हेलचा सर्व्हर, त्यावर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले पगाराचे, स्टोअरचे आणि डिस्पॅचचे प्रोग्राम. कोपऱ्यात १३२ कॉलमांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो पगाराच्या स्लिपा छापायला लागला की शेजारच्या अकाउंट्समधले लोक हातातला फोन खाली ठेवायचे, कारण पलीकडचं काही ऐकूच यायचं नाही. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे एसी. एमडींची केबिन सोडली तर अख्ख्या कारखान्यात दुसरा एसी नव्हता.

त्यामुळे सर्व्हर रूमला आपोआप एक जोडधंदा मिळाला. कुणाचं श्रीखंड, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक, संध्याकाळच्या लग्नाला जायचं म्हणून सकाळीच आणलेली अबोलीची वेणी. आमच्या साहेबांनी 'येथे खाद्यपदार्थ ठेवू नयेत' असा कागद दाराला चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाखाली बर्फीचा बॉक्स होता; डिस्पॅचमधल्या एकाला मुलगी झाली होती, आणि बॉक्सवर साहेबांचंच नाव होतं. मग मुंग्या आल्या. नव्याने लागलेल्या डिप्लोमावाल्या पोराला साहेबांनी मुंग्यांचा माग काढायला बसवलं. त्याने रॅकच्या मागून, स्टॅबिलायझरच्या कडेने, भिंतीच्या फटीतून रांग शोधत नेली, ती थेट साहेबांच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरपाशी संपली. आत गूळपोळ्या होत्या. साहेबांना मधुमेह होता. पोराने "माग लागला नाही" असं सांगितलं आणि त्या वर्षी त्याला चांगली इन्क्रिमेंट मिळाली. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही.

हार्डवेअर बघणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही 'टर्मिनेटर' म्हणायचो. सिनेमामुळे नाही. तेव्हा आमचं नेटवर्क एकाच काळ्या कोएक्सियल केबलवर होतं. ती केबल टेबलामागून टेबलामागे फिरायची, प्रत्येक संगणकाच्या पाठीला टी आकाराचा जोड, आणि केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा एकेक टर्मिनेटर. करंगळीच्या पेराएवढी ही वस्तू. पण टोकाला ती नसेल तर सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि त्या केबलवरचे सगळे संगणक मुके होतात. एका केबलवर ३० संगणक जोडता यायचे, म्हणजे एकाच्या पायाने जोड सैल झाला तर ३० जणांचं काम ठप्प. म्हणून हा गडी शर्टाच्या खिशात कायम दोन टर्मिनेटर बाळगायचा.

एका सकाळी अख्खं ऑफिस बंद. टर्मिनेटर गुडघ्यांवर बसला. अशा वेळी दोष शोधायची रीत ठरलेली असते. केबल मध्ये सोडवायची, सुट्या टोकाला खिशातला टर्मिनेटर लावायचा, कुठली बाजू चालते ते बघायचं, मग राहिलेल्या बाजूचे पुन्हा दोन भाग. तो अकाउंट्सपासून निघाला, पर्चेसमधून, सेल्समधून टेबलाखालून रांगत गेला. बायकांना पाय वर घ्यायला लावले, एका साहेबांच्या केबिनमधलं कपाट सरकवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो पर्सोनेलच्या शेवटच्या टेबलाशी पोचला. तिथला संगणक आदल्या दिवशी दुरुस्तीला गेला होता. टेबलाखाली केबलचं टोक उघडं लोंबत होतं. "टर्मिनेटर चोरीला गेलाय!" तो तिथूनच ओरडला. बाहेर यायला वाकला आणि खिशातून फरशीवर दोन नाही, तीन टर्मिनेटर पडले.

आदल्या संध्याकाळी त्यानेच तो काढून नेला होता. इथे आता संगणक नाही, मग टोकाला ही वस्तू कशाला अडकवून ठेवा, स्पेअरमध्ये असू दे, असा त्याचा हिशोब. संगणक उचलला तरी केबलचं टोक टोकच राहतं, हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. टेबलाखाली ते आठवलं नाही. यातली खरी गंमत अशी की सकाळी नऊ वाजताच पर्सोनेलमधल्या ताईंनी मला फोनवर सांगितलं होतं, "काल तुमचा माणूस खालून चांदीच्या बोंडासारखं काहीतरी पिळून घेऊन गेला, तेव्हापासून बंद आहे." मी ते रजिस्टरमध्ये शब्दशः लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "अहो, बोंड काय? टेक्निकल भाषेत लिहा." तेवढ्या एका वाक्यात दोषाची जागा, वेळ, कारण आणि आरोपी, सगळं होतं. फक्त वस्तूचं नाव नव्हतं.

सापाची हकिगत याच जातीची. नोव्हेलच्या सर्व्हरच्या कन्सोलला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की काळ्या पडद्यावर एक लाल साप वळवळायला लागायचा. नेटवेअरचा तो स्क्रीनसेव्हर. नुसती करमणूक नव्हती ती. सर्व्हरवरचं काम वाढलं की साप लांब व्हायचा आणि भरभर पळायचा, काम कमी झालं की आखडायचा. आम्ही लांबून साप बघून सांगायचो की पगाराचा प्रोग्राम चालू झाला.

नवा वॉचमन लागला. रात्री फेरी मारताना त्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं आणि गेटवर फोन केला की ईडीपीत कॉम्प्युटरमध्ये लाल साप फिरतोय आणि तो मोठा होतोय. गेटवरच्या माणसाने ॲडमिनच्या साहेबांना घरी फोन करून सांगितलं की ईडीपीत लाल साप आहे, बराच मोठा. कारखान्यामागे नाला होता, स्क्रॅप यार्डात मागच्याच पावसाळ्यात घोणस निघाली होती, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. ॲडमिनच्या साहेबांनी एका सर्पमित्राला उठवलं आणि आमच्या साहेबांनाही.

पुढचा प्रसंग साहेबांनीच सांगितलेला. रात्री साडेबाराला सर्व्हर रूमबाहेर सहा माणसं. साहेब पायजम्यात, सर्पमित्र हुक लावलेली काठी आणि पिशवी घेऊन. चपला बाहेर काढायच्या की नाही यावर थोडी चर्चा झाली. मग फॉल्स फ्लोअरिंगच्या फरश्या एकेक करून उचलल्या. खाली केबलींचं जंजाळ, म्हणजे साप नसला तरी दिसावा अशीच जागा. श्रीखंडाचे दोन चमचे सापडले, कुणाची तरी हरवलेली किल्ली सापडली. वॉचमन बिचारा बाजूला उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "साहेब, तिकडं खाली कशाला शोधताय? तो बघा की, टीव्हीत हाय."

फक्त सर्पमित्र मोकळेपणाने हसला. त्याने पेट्रोलपुरते पैसे घेतले. ते व्हाउचर कुठल्या खात्यात टाकायचं यावर अकाउंट्समध्ये दोन दिवस खल झाला आणि शेवटी 'सर्व्हर देखभाल' या सदराखाली ते पास झालं.

प्रोग्राम लिहिणाऱ्या सहकाऱ्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे, कारण संध्याकाळी तो एका क्लासमध्ये फॉक्सप्रो शिकवायचा. १९९९ हे वर्ष त्याचं होतं. वर्षासाठी दोनच आकडे ठेवलेले जुने प्रोग्राम २००० उजाडताच १९०० समजतील, या वायटूकेच्या भीतीने मॅनेजमेंटने त्याला वाट्टेल ते बदलायची मुभा दिली होती. त्याने प्रत्येक प्रोग्राम उघडला. ३१ डिसेंबरच्या रात्री आम्हाला थांबवून ठेवलं, कँटीनने पावभाजी केली, बारा वाजले, काही झालं नाही. साहेबांनी एमडींना फोन करून "ऑल ओके" सांगितलं. मास्तरला बुके मिळाला.

फेब्रुवारीच्या शेवटी, २९ तारखेला, मंगळवारी, हजेरीच्या प्रोग्रामने अशी तारीखच नसते म्हणून सगळ्यांची पंचिंग फेकून दिली. अख्खा कारखाना गैरहजर. एमडीसुद्धा. युनियनचे अध्यक्ष हजेरीपत्रकाची प्रिंट घेऊन वर आले आणि म्हणाले, "मॅडम, एवढा शंभर टक्के संप आम्हाला आजवर जमला नाही. केला कुणी?"

कारण साधं होतं. ज्या वर्षाला चारने भाग जातो ते लीप वर्ष. पण शंभरने भाग जात असेल तर नाही, म्हणूनच १९०० लीप नव्हतं. आणि चारशेने भाग जात असेल तर पुन्हा आहे, म्हणून २००० लीप होतं. ज्या कोणी पूर्वी तो प्रोग्राम लिहिला होता, त्याला पहिला नियम तेवढा माहीत होता. त्याने चारने भागून विषय संपवला होता, आणि त्याचा प्रोग्राम २१०० सालापर्यंत बिनचूक चालला असता. मास्तरला दुसरा नियमही माहीत होता. तो त्याने घातला. तिसरा पुस्तकाच्या पुढच्या पानावर होता. मला त्या जुन्या, नाव माहीत नसलेल्या प्रोग्रामरबद्दल तेव्हापासून फार आदर आहे. मास्तरने त्या संध्याकाळी क्लासमध्ये जाऊन दोन बॅचेसना नोट्समध्ये तिसरा नियम लिहून घ्यायला सांगितला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रेमपत्र आलं. 'आय लव्ह यू' हा व्हायरस जगभर पसरला तो ४ मे २००० ला, गुरुवारी. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे जग जळत असताना आमच्याकडे शटर खाली होतं. शुक्रवारी सकाळी मेल उघडल्या. मेलचा विषय 'आय लव्ह यू', सोबत जोडलेलं पत्र. ते नावावरून साधं टेक्स्टचं वाटायचं, कारण विंडोज फाइलच्या नावातलं शेवटचं शेपूट दाखवायचंच नाही. खरं म्हणजे तो प्रोग्राम होता. उघडला की आउटलुकमधल्या प्रत्येक पत्त्यावर स्वतःची एकेक प्रत पाठवायचा आणि संगणकावरचे फोटो पुसून त्यांच्या जागी स्वतःला बसवायचा.

आता आमच्या अकाउंट्सच्या साहेबांची अवस्था बघा. निवृत्तीला आलेले, कपाळाला गंध, बोलणं मोजकं. त्यांना सकाळी नऊला पर्चेसच्या साहेबांकडून 'आय लव्ह यू' अशी मेल आली. दोघांमध्ये एका बिलावरून वर्षभर अबोला होता. अकाउंट्सच्या साहेबांनी मेल उघडली, पत्र उघडलं, आत काही दिसलं नाही. मग संगणकाचा पडदा बंद केला आणि ते दोन तास कुणाशी बोलले नाहीत. तेवढ्यात त्यांच्या नावाने तेच प्रेमपत्र कँटीनच्या कंत्राटदारापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना गेलं. शेवटी त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे पर्चेसवाले हल्ली बरे असतात ना?"

इथपर्यंत सगळं जगात इतर ठिकाणी झालं तसंच. आमच्या विभागाचं योगदान पुढे आहे. साहेबांनी डिप्लोमावाल्या पोराला सांगितलं की सगळ्यांना एक मेल टाक, अशी मेल आली तर उघडू नका म्हणून. पोरगं हुशार आणि तळमळीचं. लोकांना नीट ओळखता यावं म्हणून त्याने नमुना सोबत जोडला. मूळचाच. खाली लिहिलं, 'सोबतच्या फाइलसारखी फाइल आल्यास उघडू नये.' ज्यांच्याकडे तोवर व्हायरस पोचला नव्हता त्यांनीही ईडीपीने पाठवलंय म्हणजे बघायला हवं म्हणून ती उघडली. महाबळेश्वरच्या सहलीचे स्कॅन केलेले फोटो गेले. टर्मिनेटरने एका संगणकात लताबाईंची गाणी साठवली होती, ती नाहीशी झाली. तो व्हायरस एमपीथ्री पुसायचा नाही, नुसत्या लपवायचा, पण हे कळेपर्यंत टर्मिनेटर चार दिवस सुतकात होता. तक्रार करायची सोय नव्हती. गाणी ऑफिसच्या संगणकात होती हे कबूल कोण करणार?

एक चांगलं झालं. अकाउंट्स आणि पर्चेसचा अबोला त्या दिवशी सुटला. ते बिलही पास झालं.

बॅकअप बघायचे ते आमच्यातले ज्येष्ठ, 'भाऊ'. रोज संध्याकाळी सर्व्हरवरचा डेटा टेपवर उतरवायचा, टेप कपाटात ठेवायची, रजिस्टरमध्ये सही करायची. पूर्वी याला तास-सव्वा तास लागायचा. एका पावसाळ्यात भाऊंनी ते काम दोन मिनिटांवर आणलं. साहेबांनी मिटिंगमध्ये त्यांचं नाव घेतलं. जुन्या टेपा खराब होऊ नयेत म्हणून भाऊंनी त्या कुलूपबंद केल्या आणि एकच नवी टेप वापरायला घेतली, असं त्यांनी समजावून सांगितलं. ही नवी टेप चांगली आहे, लगेच बाहेर येते. टेप बाहेर आली की बॅकअप झाला, हे त्यांना ज्याने शिकवलं त्याने तेवढंच शिकवलं होतं.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं पुसून, धुऊन त्यांची पूजा होते. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. मग आमच्या सर्व्हरने काय घोडं मारलं होतं? भाऊंनी त्याला गंधाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या आणि चांगला मनगटाएवढा जाड हार घातला. तो हार समोरच्या जाळीवर, जिथून सर्व्हर हवा आत ओढतो, बरोबर तिथेच बसला. नारळ फुटला, प्रसाद झाला, लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सुट्टीत वीज कशाला जाळायची म्हणून ॲडमिनने एसी बंद करून ठेवला होता. नाक दाबलेला सर्व्हर बंद खोलीत दीड दिवस तापला.

सुट्टी संपवून आलो तेव्हा खोलीत भाजलेल्या झेंडूचा वास होता आणि हार्ड डिस्क गेलेली होती. साहेब म्हणाले, "हरकत नाही, बॅकअप आहे." भाऊंनी अभिमानाने टेप काढून दिली. बाहेरून आलेल्या इंजिनिअरने ती उलटसुलट बघितली आणि त्यावरचं लेबल मोठ्याने वाचलं. ती क्लीनिंग कार्ट्रिज होती. ड्राइव्हचं हेड पुसायची टेप. आत घातली की ड्राइव्ह हेड साफ करून घेतो आणि ती आपणहून बाहेर ढकलतो. भाऊंनी पावसाळाभर रोज संध्याकाळी न चुकता ड्राइव्ह धुऊन काढला होता. इंजिनिअर म्हणाला, इतकं स्वच्छ हेड आपण आयुष्यात पाहिलं नाही.

कुलपातल्या शेवटच्या खऱ्या टेपवर जूनपर्यंतचा डेटा होता. पुढचं सगळं आणायचं कुठून? तेव्हा स्टोअरमधले ते काका पुढे आले. संगणक आल्यापासून बिन कार्डं बंद करायचा आदेश होता. काकांनी ती बंद केली नव्हती. प्रत्येक मालाच्या रॅकला पुठ्ठ्याचं कार्ड, आवक-जावक-शिल्लक, निळ्या बॉलपेनाने, तारखेसह. ऑडिटच्या दिवशी ती कार्डं गोणीत भरून लपवायचे, मग परत लावायचे. त्यांच्यावर याबद्दल एकदा मेमोही निघाला होता. त्या कार्डांवरून काकांनी आणि मी दिवाळीपर्यंत स्टोअरचा सगळा हिशोब परत भरला. ते वाचायचे, मी टाइप करायची. मी दमले की ते दोन बोटांनी. मेमो फाइलमधून कुणी काढला नाही. मी एकदा सुचवलं होतं.

काकांचा शेवटचा किस्सा सांगते. काही वर्षांनी आमच्याकडे व्हीएनसी आलं. आपल्या खुर्चीत बसून दुसऱ्याचा संगणक चालवायची सोय. टर्मिनेटरला गुडघ्यांचा त्रास सुरू झालाच होता, तो या प्रकारावर खूश. काकांच्या संगणकात काहीतरी सेटिंग बदलायचं होतं. फोन वगैरे न करता त्याने जागेवरूनच काम सुरू केलं. काका एकटेच स्टोअरमध्ये. हात मांडीवर आणि समोर बाण आपोआप फिरतोय, खिडक्या उघडतायत, मिटतायत. त्यांनी माउसची वायर उपटली, तरी बाण फिरतोच आहे.

सकाळी त्यांच्या मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली. काका शांत होते, शहाणपणाने वागलेल्या माणसासारखे. टर्मिनेटर भरपूर हसला, मग साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, आणि तेव्हापासून नियम झाला की फोन करून परवानगी घेतल्याशिवाय कुणाच्या संगणकात शिरायचं नाही. त्यामुळे काकांच्या पडद्यावर परत कधीच काही आपोआप फिरलं नाही. काकांनी दर शनिवारी लिंबू बदललं. उपाय लागू पडला हे त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.

आता विभाग राहिला नाही. काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं, तक्रारीला नंबर मिळतो, फोन उचलणारा मुलगा कुठल्या शहरात बसलाय ते कळत नाही. त्याचं पहिलं वाक्य मात्र आमचंच आहे: बंद करून चालू करा. लोक त्याला हसतात, पण त्यात तथ्य आहे. मेमरीत साठलेला गोंधळ त्याने पुसला जातो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर एक दोष असाच होता, संगणक सलग ४९.७ दिवस चालू राहिला की आतला मिलिसेकंद मोजणारा आकडा भरून वाहायचा आणि संगणक गोठायचा. हा दोष सापडायलाच कित्येक वर्षं लागली. तितके दिवस ते यंत्र न अडखळता चालणार कुठे? आमच्याकडे तर दर गुरुवारी सक्तीची विश्रांती होती.

आणि जाणकारांचं म्हणाल तर १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकदम निळे पडले, विमानं अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते कुणा व्हायरसने केलं नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीनेच पाठवलेल्या एका सदोष अपडेटने केलं होतं. बातमी वाचून मी मास्तरला फोन केला. तो निवृत्त झालाय, आता नातवाला गणित शिकवतो. तो म्हणाला, "चला, मी एकटा नाही."

तुमचा संगणक कधी अडला आणि फोन करायची वेळ आली, तर एवढं करा. 'व्हायरस आला असेल', 'नेट स्लो असेल', 'हँग झालंय' हे स्वतःचे अंदाज बाजूला ठेवा. पडद्यावर जे वाक्य आलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा, आणि त्याआधी तुम्ही काय दाबलंत, कुणी काय काढून नेलं, तेही सांगा. वस्तूचं नाव येत नसेल तर बोंड म्हणा. आणि पलीकडचा माणूस "टेक्निकल भाषेत बोला" म्हणाला, तर फोन ठेवून दुसऱ्याला लावा.